दारू न पिणाऱ्याने रात्री दहानंतर बसायचं कुठे? ग्रंथालयं उशिरापर्यंत उघडी का ठेवत नाहीत?

तुमचा प्रश्न आणि त्याखालचा तपशील दोन्ही वाचले. वय 23, नोकरीसाठी पुण्यात, शुक्रवारी टीम पबमध्ये जाते, तुम्ही लिंबूसोडा घेता, बिल सगळ्यांइतकंच भरता आणि वर ‘हा मिसळत नाही’ हेही ऐकून घेता. आधीच्या एका उत्तरात तुम्हाला ‘सोबत म्हणून एखादी बिअर घ्यायला काय हरकत आहे’ असा सल्ला मिळालाय. तो वाचूनच मी लिहायला घेतलं. हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की ते इथे दुसऱ्या नावाने लिहितात की काय अशी शंका आली.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट 25 आहे, बिअर-वाइनसाठी 21. कायद्याने चाललं तर तुमच्या टीममधल्या अर्ध्या पोरांच्या हातात व्हिस्कीचा ग्लास दिसायलाच नको. हे त्यांना सांगून बघा. मैत्री वाढणार नाही, पण तुम्हाला बरं वाटेल.

आता ग्रंथालयाचं. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. 160 चौरस फुटांची खोली, घरात सात माणसं. रात्री अंथरुणं पडली की पाय ठेवायला जागा नाही, तिथे अभ्यास कसला करताय! पोरं वह्या घेऊन खाली उतरायची आणि पोदार रुग्णालयाजवळच्या सुदाम काळू अहिरे मार्गावर जायची. पाटीवर हे नाव, पण अख्खी वरळी त्याला अभ्यास गल्ली म्हणते. झाडं आहेत, रहदारी कमी, दिवे चांगले. फुटपाथवर वर्तमानपत्र अंथरायचं आणि दिव्याखालची जागा ज्याने आधी धरली त्याची. चाळीतल्या, पोलीस कॅम्पातल्या किती पोरांचे निकाल त्या फुटपाथवर लागलेत. पुढे पालिकेने तिथे बाकं-बिकं बसवली, आमच्या वेळी कठडा हेच बाक.

बाराच्या पुढे सायकलवर चहाची किटली घेऊन फिरणारा यायचा. तो आला की पुस्तकं पालथी पडायची आणि पुढचा पाऊण तास नुसत्या गप्पा. कोणती भरती निघाली, सचिन कसा आउट झाला, कोणाच्या घरी काय चाललंय. रात्री दोन वाजता फोन केला तर उचलतील असे माझे जे मित्र आज आहेत, ते सगळे तिथले. दाजी म्हणतात, ‘तुम्ही अभ्यास कमी आणि टाइमपास जास्त केलात.’ केला ना. मी तेच तर सांगतोय.

पावसाळ्यात गल्ली बंद. म्हणून आम्ही मंडळाकडे खोली मागितली. दोन चाळींच्या मधली पत्र्याची खोली, त्यात गणपतीचं सामान, कॅरम, ढोल आणि दोन कपाटं भरून पुस्तकं. बाहेर ‘वाचनालय’ अशी पाटीही होती, पण उघडायचं ते संध्याकाळी सहा ते आठ, म्हाताऱ्यांना पेपर वाचायला. मी चिटणीसांच्या मागे लागून किल्ली मिळवली आणि खोली रात्री दोनपर्यंत चालू राहायला लागली. वीजबिलाला माणशी दहा रुपये महिना. नियम दोनच: पिऊन यायचं नाही, आणि ज्याला खरंच वाचायचंय त्याने भिंतीकडे बसायचं, बाकीच्यांनी दाराकडे बसून हळू बोलायचं.

कोण यायचं ते सविस्तर सांगतो. परीक्षेची पोरं निम्मीच. एक हवालदार यायचा, खात्यांतर्गत पीएसआयची परीक्षा देत होता, ड्युटी सुटली की वर्दी बदलून थेट. बेस्टचा एक कंडक्टर यायचा, त्याला परीक्षा वगैरे काही नव्हती. शेवटची गाडी डेपोत लागली की येऊन रहस्यकथा वाचायचा आणि शेवट सगळ्यांना सांगून टाकायचा. आणि एक गिरणीवाले काका. 1982 च्या संपात नोकरी गेली, मग दारू लागली, पुढे त्यांनी ती सोडली. तेव्हा सोडून जेमतेम वर्ष झालं असेल. पेपरचं एकच पान तासभर धरून बसायचे. एकदा मला म्हणाले, ‘दिवसाचं काही नाही रे. रात्रीचे नऊ ते बारा सांभाळायला लागतात. पाय आपोआप नाक्याकडे वळतात.’

नाक्यावरची परमिट रूम दीड वाजेपर्यंत उघडी. त्या वेळेला आमच्या भागात उघडं असलेलं दुसरं दार म्हणजे आमची पत्र्याची खोली. काकांना तिथे कोणी कधी विचारलं नाही, तुम्ही इथे कसे म्हणून. हातात पेपर आहे, झालं. ‘दारू सोडलेल्यांचा कट्टा’ अशी पाटी लावली असती तर ते त्या बाजूला फिरकले नसते.

मग आली गटारी. आषाढातली शेवटची अवस. सकाळी आईने दिवे घासून पुजलेले, संध्याकाळी प्रत्येक खोलीतून कोंबडीच्या रश्श्याचा वास. पुरुषांची बैठक दरवर्षी गच्चीवर व्हायची, पण त्या वर्षी पावसाने गच्चीचं तळं केलेलं. नऊच्या सुमाराला दाजी आणि त्यांचे दोस्त आमच्या खोलीच्या दारात. हातात पिशव्या. दाजी तेव्हा नवे जावई, ताईचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, राहायला शेजारच्याच चाळीत. त्यामुळे मान मोठा.

‘किल्ली दे. आज आम्ही बसतो इथे.’

‘दाजी, आत पोरं वाचतायत.’

‘एका रात्रीचा प्रश्न आहे. पुस्तकं काय उठून चाललीत?’

‘पुस्तकं नाही, माणसं उठून जातील.’

(हे वाक्य मला जागेवरच सुचलं होतं, घरी गेल्यावर नाही. साक्षीदार आहेत.)

यावर ते म्हणाले, खोली मंडळाची आहे, तुझ्या बापाची नाही. माझा बाप म्हणजे त्यांचा सासरा, हे त्यांच्याच एका दोस्ताने त्यांच्या कानात सांगितलं. सगळे हसले आणि दाजी आणखी भडकले. तेवढ्यात दुसऱ्याचं लक्ष आत गेलं. ‘अरे काका! तुम्ही इथे? चला की, तुमच्याशिवाय गटारी कसली!’ असं म्हणून त्याने पिशवी पुढे केली. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. काका हसले आणि पेपरचं पान उलटलं. मी दार ओढून आतून कडी घातली. जावयाच्या तोंडावर.

त्या रात्री ते सगळे जिन्याखाली बसले. तिसऱ्या दिवशी मंडळाची बैठक. मुद्दा एकच, जावयाचा मान राखला नाही. दारूचा विषय कोणी काढला नाही, काकांचा तर नाहीच. शेवटी ‘कोणाचाच वाद नको’ म्हणून ठराव झाला, खोली रात्री दहाला बंद. माझ्याकडची किल्ली काढून घेतली. पाऊस ओसरल्यावर पिणाऱ्यांना गच्ची परत मिळाली. आम्ही आणि काका छत्र्या धरून चहावाल्यापाशी उभे राहायला लागलो.

दाजींचं तत्त्वज्ञान तेव्हापासून पक्कं आहे: जो पीत नाही त्याला माणसंच नको असतात. बारसं असो, साखरपुडा असो, मला ऐकवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. दाजी, लहानपणापासून ओळखीच्या चार जणांशी बोलायला तुम्हाला बाटली उघडावी लागायची. आम्ही हवालदार, कंडक्टर आणि गिरणी कामगार, एकमेकांचे कोणी नसलेले, दहा रुपये वर्गणीत रोज बसत होतो. माणसं कोणाला नको होती?

असो. ग्रंथालयं रात्री का उघडी नसतात, तर पैसा आणि माणूसबळ. राज्यात ग्रंथालय कायदा 1967 पासून आहे, सरकारी अनुदानावरची सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांहून जास्त. पण ग्रंथपालाचं मानधन तुटपुंजं आणि दुसऱ्या पाळीला माणूसच नाही, मग तो आठ वाजता कुलूप लावणारच. त्याला बोल लावू नका. इच्छा असली की नियम बदलतात, हे आपण पाहिलंय. जानेवारी 2020 मध्ये मुंबईत मॉल आणि हॉटेलं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली, केवढी चर्चा झाली ‘नाइटलाइफ’ची. त्यात वाचनालयाचं नाव कोणी काढल्याचं मला आठवत नाही. आता कोणीतरी खाली हेलसिंकीच्या ऊडी ग्रंथालयाचं उदाहरण देईल, 2018 साली उघडलं, तिथे शिलाई मशीनसुद्धा आहेत वगैरे. छानच आहे, पण शिलाई मशीन नको, आपल्याकडे रात्री अकराला एक दार आणि एक ट्यूबलाइट मिळाली तरी पुष्कळ.

माझं स्पष्ट मत, ‘शांतता राखा’ ही पाटी आहे तोवर ग्रंथालय दारूच्या गुत्त्याशी स्पर्धा करू शकत नाही. गुत्त्यात बोलता येतं. वाचायला एक खोली आणि बोलायला एक, निदान व्हरांडा तरी. नुसतंच बसायला बोलावलं तर लोक अवघडतात, पुस्तक हातात असलं की आलेल्याला कारण मिळतं आणि न बोलण्याचीही सोय होते.

पुण्यात तुमच्यासाठी सोपं आहे. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत अभ्यासिका आहेत, त्यातल्या बऱ्याच चोवीस तास चालतात. महिन्याला साधारण हजार-दीड हजारात खुर्ची, प्लग आणि वायफाय मिळतं. आत एकमेकांशी बोललात तर हाकलतील. पण रात्री सगळी फौज चहाला खाली उतरते, ओळखी तिथे होतात. तुम्ही परीक्षा देत नसलात तरी चालतं. कोणी विचारलंच तर ‘राज्यसेवा’ म्हणा, पुढचा प्रश्न येत नाही. नाहीतर तुमच्या सोसायटीच्या रिकाम्या हॉलमध्ये आठवड्यातून एक रात्र सुरू करा. फक्त किल्ली अशा माणसाकडे द्या, ज्याला नातेवाइकांना नाही म्हणता येतं.

दोन गोष्टी राहिल्या. ज्याला दारू सोडायचीच आहे त्याला नुसती खोली पुरत नाही. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा गावोगावी होतात, काकाही त्यांच्या सभेला जायचे. खोली म्हणजे उरलेल्या रात्री काढायची सोय.

दुसरं, आमच्या खोलीत रात्री एकही मुलगी नसायची. हे मी आधी लिहायला हवं होतं, पण ते काढलं ताईने. तिने बारावीचा अभ्यास घरातच ओट्याखाली दिवा लावून केला. मागच्या दिवाळीला माझं आणि दाजींचं पुन्हा जुंपलं तेव्हा ती म्हणाली, ‘किल्लीवरून तुम्ही दोघं वीस-बावीस वर्षं भांडताय. मला कोणी विचारलं होतं का, तुला यायचंय का तिथे?’ दाजी आणि मी पहिल्यांदाच एकाच वेळी गप्प बसलो.

आता बीडीडीचा पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या, 500 चौरस फुटांची घरं, चाळीस मजली इमारती. ताई-दाजींचं घर त्यात आलं. खाली एक खोली मोकळी पडून आहे, तिच्यासाठी मी अर्ज लिहून दिलाय: वाचन कट्टा, रात्री दीडपर्यंत, बोलायला परवानगी, दारू वर्ज्य, मुलींना वेळेची अट नाही. अर्ज रहिवाशाच्या नावाने लागतो म्हणून खाली सही ताईची आहे. कमिटीवर दाजी आहेत. रात्री आवाजाचा त्रास होईल, असा शेरा त्यांनी मारलाय. होय, गटारीला जिन्याखाली पहाटेपर्यंत गाणी म्हणणाऱ्या माणसाने. ताई म्हणते, बैठकीला ती स्वतः उभी राहणार आहे.