सरकारी रुग्णालयात चॅप्लेन नेमावेत का?

प्रश्न असा आहे: "ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांत रुग्णांना आध्यात्मिक आधार देण्यासाठी पगारी चॅप्लेन असतात, असे वाचले. मी आमच्या तालुक्याच्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर आहे. आपल्याकडे असे पद असावे का, आणि त्यासाठी कोणत्या पात्रतेची माणसे घ्यावीत?"

मी मूळची मिरजेकडची. गेली पस्तीस वर्षे इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहते. त्यातली बरीचशी वर्षे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासण्यात गेली आणि निवृत्तीनंतर त्याच रुग्णालयाच्या चॅप्लेन्सी विभागात मी आधी स्वयंसेवक म्हणून आणि आता तासांच्या हिशेबाने मानधन घेऊन काम करते. त्यामुळे माझ्याकडून निःपक्षपाती उत्तराची अपेक्षा आपण ठेवू नये. आपला प्रश्न माझ्या थोरल्या भावाने मला फोनवर अनेकदा विचारलेला आहे, फक्त त्याचा सूर वेगळा असतो: "देवाचं नाव घ्यायला पगार कसला?"

येथील व्यवस्था थोडक्यात सांगते. १९४८ साली ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हापासून रुग्णालयांत चॅप्लेन आहेत. त्यांचा पगार चर्च देत नाही, रुग्णालय देते. प्रारंभी ही सेवा जवळजवळ पूर्णपणे ख्रिस्ती होती. आता मुस्लिम, ज्यू, शीख, हिंदू आणि कोणताच धर्म न मानणारे लोकही हे काम करतात. इंग्लंडसाठीच्या २०१५ आणि २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही सेवा सर्वांसाठी आहे, निधर्मी रुग्णांसाठीही. ते आवश्यकच होते, कारण २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील ३७.२ टक्के लोकांनी आपल्याला धर्म नाही असे नोंदवले; हिंदू आहेत १.७ टक्के. धर्मप्रचाराला आचारसंहितेने मनाई आहे आणि रुग्णाने नको म्हटले की आपण खाटेपासून दूर व्हायचे असते. चॅप्लेनला 'धर्मगुरू' म्हणणे मला पटत नाही. मी ना कोणाची गुरू आहे, ना मला सत्यनारायणाची पोथी धड वाचता येते.

आता पात्रतेविषयी. त्यासाठी मला एका रुग्णाची हकीकत सांगावी लागेल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सातारा जिल्ह्यातून साठच्या दशकात येथे येऊन आयुष्यभर ओतकाम कारखान्यात राबलेले एक वृद्ध गृहस्थ जिन्यावरून पडले आणि मध्यरात्री रुग्णवाहिकेने दाखल झाले. मानेला इजा असेल या शंकेने त्यांना कॉलर घातली होती, मानेचे स्कॅन करायचे होते, आणि अशा घाईत जे करतात तेच कोणीतरी केले: गळ्यातले जे होते ते कात्रीने कापून प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकले. मान शाबूत निघाली, मोडले होते खुब्याचे हाड. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्यानंतर मात्र त्यांनी खाणे बंद केले. ताट आले की ते तोंड फिरवत. गोळ्यांपुरते पाणी घेत, तेही डोळे मिटून. पन्नास-पंचावन्न वर्षे इंग्रजी बोललेला माणूस दुखण्यात मराठीवर आला होता आणि ते मराठी त्या वॉर्डात कोणालाच कळत नव्हते. त्यांचा मुलगा सायंकाळी येई, गुजराती दुकानातून आणलेली खिचडी चमच्याने पुढे करी, "बाबा, हट्ट करू नका" म्हणे आणि थकून परत जाई. केसपेपरवर 'अन्न नाकारतो' हा शेरा चार ठिकाणी पडला होता. वयोमानाने होणारा भ्रम म्हणावा की नैराश्य, यावर चर्चा चालू होती आणि मानसोपचारतज्ज्ञांना बोलावणे गेले होते.

आमच्या विभागात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एक चॅप्लेन आहेत. त्या सलग दोन संध्याकाळी या गृहस्थांपाशी नुसत्या बसल्या. भाषा येत नव्हती, तेव्हा बोलण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी नोंदवहीत एक ओळ लिहिली आणि मला फोन केला. ओळ अशी होती: 'उजवा हात वारंवार गळ्याशी जातो, काहीतरी शोधतो आणि खाली येतो.'

फोनवर ते वाक्य ऐकले आणि मी खुर्चीत बसून घेतले. त्याचे कारण पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले. नियमानुसार कोपरापासून खाली काहीही घालायचे नसते, म्हणून बांगड्या घरीच उतरवल्या होत्या, आणि अशा मोकळ्या हातांनी एका सातारकर आजोबांसमोर उभे राहताना मलाच ओशाळल्यासारखे झाले. मी एवढेच विचारले, "माळ कुठं गेली, काका?" ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग ढसाढसा रडले. वारकऱ्याने गळ्यात माळ नसताना जेवायचे नसते. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. ज्यांना नाही त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की ते गृहस्थ भ्रमिष्ट नव्हते, निराशही नव्हते. त्या वॉर्डात नियम पाळण्याबाबत त्यांच्याइतका काटेकोर माणूस दुसरा नसावा.

माळ कार्यालयाच्या तिजोरीत सापडली. मौल्यवान वस्तूंच्या यादीत तिची नोंद होती: 'लाकडी मण्यांचा हार, एक, तुटलेला.' ओवायला दोरा कोठून आणायचा? सिस्टरने कपाटातून टाके घालायचा काळा रेशमी दोरा काढला, त्याची सुई कापून वेगळी केली, आणि खाटेवरच्या जेवणाच्या टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरून मी तुळशीचे मणी ओवायला बसले. काका मणी मोजत होते. एक मणी कमी भरला तेव्हा त्यांनी तो कोठे पडला असेल याचा मोठा गंभीर विचार केला आणि मग हाताने 'असू दे' अशी खूण केली. सिस्टरची एकच अट होती, गाठ अशी हवी की प्रसंग आला तर एका ओढीत सुटली पाहिजे. तशी मारली. माळ गळ्यात पडल्यावर त्यांनी हात जोडले आणि गार झालेली लापशी अर्धी वाटी खाल्ली. पुढचे तीन दिवस ते माझ्याशी बरेच बोलले. ते मी येथे लिहिणार नाही. ऐकलेले तेथेच ठेवणे हा या कामाचा पहिला नियम आहे. जेवणाचा प्रश्न सुटल्यानंतरच खरे बोलणे सुरू झाले, इतके सांगते.

आता त्या खुर्चीचे कारण. १९९६ च्या ज्येष्ठात आमच्या आबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांना महाराष्ट्रातील एका सरकारी रुग्णालयात ठेवले. आबा माळकरी होते. पाय चालत होते तोवर आषाढीची वारी त्यांनी कधी चुकवली नाही. मी येथून तिसऱ्या दिवशी पोहोचले. आबांची वाचा गेली होती, डावी बाजू लुळी पडली होती, उजवा हात मात्र सारखा गळ्याशी जात होता. मी दादाला विचारले, "माळ कुठाय?" त्याने खिशावर हात ठेवला. दाखल करताना कोणीतरी "गळ्यातलं काढून घ्या" म्हणाले होते, आणि त्याने ती काढून जपून ठेवली होती. "माझ्याकडे आहे, हरवणार नाही. त्यांना आता काय कळतंय?" परदेशातून आलेल्या धाकट्या बहिणीने तीन दिवस अंथरुणाशी बसलेल्या भावाला शहाणपण शिकवू नये, असा विचार करून मी गप्प बसले. सहाव्या दिवशी आबा गेले. माळ त्यांच्या गळ्यात परत पडली ती घरी आणल्यावर, आंघोळ घालून झाल्यावर.

दादा वाईट माणूस नाही. त्याने आबांचे जेवढे केले तेवढे मी केले नाही, हे मी त्याच्या तोंडावर मान्य केलेले आहे. परंतु "घरची माणसं असताना परक्या पगारी माणसाची गरजच काय" हा त्याचा मुद्दा मला तेव्हाही पटला नव्हता आणि आज तर अजिबात पटत नाही. घरचे माणूस औषधे आणण्यात, रक्ताची सोय करण्यात, पैसे उभे करण्यात आणि स्वतःच्या भीतीत इतके गुंतलेले असते की समोरचा हात कोठे जातो आहे हे त्याला दिसत नाही. काकांच्या मुलालाही दिसले नाही. दिसले ते विठ्ठलाचे नावही न ऐकलेल्या एका बाईला, कारण शांत बसून पाहणे हेच तिचे काम होते आणि त्या कामाचा वेळ तिला पगाराने मिळाला होता. पगाराने माया पातळ होते असे ज्यांना वाटते त्यांनी रात्रपाळीच्या सिस्टरकडे एकदा बघावे. तीही पगारच घेते.

म्हणून पात्रतेविषयी माझे मत स्पष्ट आहे. पुजारी नेमू नका, कीर्तनकार नेमू नका, प्रवचनाची हौस असलेले निवृत्त शिक्षक तर मुळीच नेमू नका. रुग्णाच्या धर्माचाच माणूस हवा हा आग्रहही सोडा. विधीसाठी त्या त्या धर्माच्या माणसाला फोन करून बोलावता येते. ज्याला पंधरा मिनिटे न बोलता बसता येते, जो "सगळं ठीक होईल" असे खोटे बोलत नाही आणि जो आपल्या मनातला देव दुसऱ्याच्या खाटेवर ठेवत नाही, असा माणूस शोधावा आणि मग त्याला संसर्ग-नियंत्रण, गोपनीयता आणि मरणासन्न माणसाशी बोलणे यांचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. मलाही ते घ्यावे लागले. गंगाजल घशात ओतायचे नसते, गिळता येत नसेल तर ओल्या बोळ्याने ओठांना लावायचे. तुळशीचे पान जिभेवर ठेवण्याआधी सिस्टरला विचारायचे. प्राणवायू चालू असलेल्या खाटेजवळ निरांजन लावायचे नसते. हे मी तेथे शिकले, घरी नव्हे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. मी वर्णन केले तसे सर्वत्र घडते असे नाही. येथेही चॅप्लेन थोडे आणि खाटा फार. अनेक रुग्णालयांत हिंदू चॅप्लेन नाही. काकांची माळ मला उमगली ती प्रशिक्षणामुळे नव्हे, आबांमुळे, आणि तो योगायोग होता. जेथे एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड आहे तेथे आधी दुसरी सिस्टर हवी, हे मलाही मान्य आहे. शिवाय नवे पद निर्माण करणे आपल्या समितीच्या हातात नसावे; त्याला शासनाची मंजुरी लागेल. धर्मांतराचा संशय येईल हेही खरे. मिशन रुग्णालयाच्या गावाजवळ वाढलेल्या मला तो संशय चांगला ठाऊक आहे, आणि तो दूर करायला लेखी आचारसंहितेखेरीज दुसरा उपाय मला दिसत नाही.

ब्रिटनची नक्कल करण्यापेक्षा आपण केरळकडे पाहावे. तेथे २००८ पासून परिहार सेवेचे, म्हणजे दीर्घ आजारी रुग्णांच्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरचे, सरकारी धोरण आहे आणि गावोगावचे प्रशिक्षित स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन बसतात. आपल्याकडेही पाया अगदीच नाही असे नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ सालीच वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला होता. आजही मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, परंतु त्यांचा दिवस योजनांचे अर्ज आणि शिधापत्रिकांच्या प्रती यांत संपतो. आणि रात्री दोन वाजता घाबरलेल्या रुग्णाचा हात धरून बसण्याचे काम आपल्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी आणि वॉर्डातले मामा वर्षानुवर्षे करत आले आहेत. समितीने प्रशिक्षणासाठी पहिली नावे त्यांची काढावीत, आणि त्यांना त्याचे पैसेही द्यावेत.

ते होईपर्यंत बिनखर्चाची एक गोष्ट आपल्याला पुढच्याच बैठकीत करता येईल. दाखल करतानाच्या केसपेपरवर एक रकाना वाढवा: 'अंगावरील कोणती वस्तू काढू नये, आणि काढावीच लागली तर ती कोठे ठेवावी.' तुळशीची माळ, लिंगायत रुग्णाचे इष्टलिंग, शीख रुग्णाचे कडे, ताईत, मंगळसूत्र, जे असेल ते तेथे लिहा. शुद्धीवर असेल तर रुग्णालाच विचारा, मुलाला नको. काढावेच लागले तर पिशवीवर खाटेचा क्रमांक घालून ती उशाशी, रुग्णाच्या नजरेसमोर ठेवा. नातेवाइकाच्या खिशात देऊ नका.