खण अडकला, पॉलिश पांढरं पडलं : घरगुती सुतारकामाची पावसाळी पत्रं

आषाढ लागला की या सदराकडे येणारी पत्रं एकाच सुरात बोलायला लागतात. मार्च-एप्रिलमध्ये हौसेने केलेलं काम जुलैत रुसतं, आणि माणूस आधी फेविकॉलला आणि मग वखारवाल्याला शिव्या घालतो. बहुतेक वेळा दोघांचाही त्यात हात नसतो. यंदाही टपालात तेच आहे, म्हणून पावसाच्या दुखण्यांना आधी घेतो.

प्रश्न : एप्रिलमध्ये सागवानाचं एक छोटं कपाट केलं, तीन खणांचं. तेव्हा खण एका बोटाने सरकत होते. आता वरचा खण निम्म्यावर येऊन अडकतो आणि खालचा तर उघडतच नाही. रंधा मारू का? (मडगाव)

उत्तर : मारा, पण लगेच नको आणि रागाच्या भरात तर मुळीच नको. आधी काय झालंय ते बघा. पावसाळ्यात आपल्याकडे गोव्यात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. अशा हवेत काही आठवडे राहिलेलं लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या १८-२० टक्के पाणी धरून बसतं. आर्द्रता ६५ वर आली की तेच १२ टक्क्यांवर उतरतं. हे पाणी पिऊन लाकूड फुगतं ते रुंदीत आणि जाडीत. लांबीत पडणारा फरक इतका थोडा की आपल्या कामात तो विसरला तरी चालतो. तुमच्या खणाची बाजूची फळी पंधरा सेंटिमीटर उंच असेल, तर सागवानासारखं शहाणं लाकूडही एक-दीड मिलिमीटर वाढतं. एप्रिलमध्ये तुम्ही फट ठेवली असणार अर्ध्या मिलिमीटरची. मग खण जाणार कुठे?

आता करायचं असं. कपाटाची मागची प्लायची फळी काढून खालचा खण मागून ढकला. पुढून मूठ ओढत बसाल तर मुठीसकट दर्शनी फळी हातात येईल. खण बाहेर आला की तो ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांना आणि वरच्या कडेच्या वाटेला शाळेतला खडू घासा, खण एकदा आत घालून बाहेर काढा. खडू जिथे खणाला लागला तिथेच तो घासतोय. अडचण बहुधा हातभर नसते, चार बोटांच्या पट्ट्यात असते. तिथे आधी पांढरी मेणबत्ती रगडा. निम्मे खण एवढ्यावरच सुटतात. नाही सुटला तर रंध्याचं पातं बारीक करून त्या जागेवर दोन हात मारा, घालून बघा, पुन्हा एक हात मारा. खण जेमतेम सरकला की थांबा. लाकूड आत्ता सगळ्यात जास्त फुगलेलं आहे. आज जो खण जेमतेम सरकतो तो बाराही महिने सरकणार. लोक एप्रिलसारखा भुर्रकन सरकेपर्यंत रंधत राहतात आणि मग फेब्रुवारीत खण मान टाकतो. रंधा मारलेली कड उघडी ठेवू नका, कोरडा दिवस बघून तिला पॉलिशचा हात द्या. खणाच्या आतल्या बाजूलाही पॉलिश लावा, तिथे सगळेच आळस करतात.

माझे वडील मेस्त, म्हणजे सुतार होते. चैत्रात खिडकीची झडपं बसवताना मध्ये एक नाणं धरून तेवढी फट मुद्दाम सोडायचे. घरधनी कुरकुरायचा, 'मेस्ता, फट राहिली.' त्यांचं उत्तर ठरलेलं, 'गणेशचवथीला बघा.'

प्रश्न : मागच्या सप्टेंबरात चार सागवानी फळ्या जोडून दोन फुटी रुंदीचं टेबल केलं. वरचा पाट खालच्या चौकटीला सगळीकडून फेविकॉल लावून, शिवाय स्क्रू मारून पक्का केला. फेब्रुवारीत एका रात्री काडकन आवाज झाला आणि पाटाला लांबीभर तडा गेला. तडा सांध्यात नाही, सांध्याच्या शेजारी आहे. तड्यात लांबी (पुट्टी) भरून टाकू का? (डिचोली)

उत्तर : भरू नका. आत्ता बघितलंत तर तो तडा जवळजवळ मिटलेला दिसेल. आत काही भरून ठेवाल तर पावसाळ्यात फुगणाऱ्या फळीला ती पाचरच होईल आणि दुसरीकडे तडा जाईल.

तुम्ही काम उत्तम केलंत, हाच घोटाळा झाला. सप्टेंबरात फुगलेला पाट चौकटीला जखडून टाकलात. फेब्रुवारीपर्यंत साठ सेंटिमीटर रुंदीच्या त्या पाटाला चार-पाच मिलिमीटर आक्रसायचं होतं. चौकटीच्या आडव्या पट्ट्या त्यांच्या लांबीत आक्रसत नाहीत, त्यामुळे त्यांनी पाटाला सोडलं नाही. फेविकॉलचा नीट लागलेला सांधा लाकडापेक्षा मजबूत असतो, म्हणून सांधा टिकला आणि बिचारं लाकूड फाटलं.

पाट चौकटीपासून सोडवा. फेविकॉल लावलेला असल्याने रुंद पटाशी आणि संयम दोन्ही लागतील. तडा गेलेल्या रेषेवर पाट सरळ कापून घ्या, दोन्ही कडा रंध्याने जुळवा आणि पुन्हा चिकटवा. पुन्हा बसवताना पाट आणि चौकट यांच्यामध्ये फेविकॉलचा थेंबही नको. काड्यापेटीएवढे सात-आठ लाकडी ठोकळे करा. प्रत्येकाच्या एका टोकाला करवतीने पायरी कापा, म्हणजे बोटाच्या पेराएवढी जीभ पुढे राहील. चौकटीच्या पट्टीला आतून, वरच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर खाली एक खोबण पाडा. जीभ त्या खोबणीत जाईल आणि ठोकळा स्क्रूने पाटाला खालून बसेल. खोबण ठोकळ्याच्या पायरीपेक्षा किंचित खालीच पडली पाहिजे आणि जीभ तिच्यात सैल हवी, म्हणजे स्क्रू आवळला की पाट खाली खेचला जातो. ठोकळा आणि चौकट यांच्यात तीन मिलिमीटर जागा सोडा. पाट जागेवर घट्ट बसतो, पण त्याला श्वास घेता येतो. एवढी खटपट नको असेल तर चौकटीतल्या स्क्रूच्या भोकांना गोल कानशीने लांबट करा, पाटाच्या रुंदीच्या दिशेने, आणि स्क्रूखाली वायसर घाला. तेही चालतं, पण ठोकळ्यांचं काम देखणं होतं.

प्रश्न : देव्हाऱ्याला चपडीचं (लाखेचं) पॉलिश घरीच केलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे पांढरट धुकं आलं. चवथीआधी निघेल का? (पर्वरी)

उत्तर : निघेल. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि ओलसर हवेतलं पाणी त्यावर बसून पॉलिशच्या थरात अडकतं. मेलामाईन किंवा लॅकर थिनरमध्ये मारलं तरी हेच होतं. खरडू नका. पावसाने उघडीप दिली की अकरा ते तीनच्या दरम्यान सुती कापडाची पुरचुंडी स्पिरिटने नुसती दमट करून, न थांबता, अलगद फिरवा. थर पुन्हा मऊ होतो आणि पाणी निघून जातं. पुरचुंडी एका जागी थांबली तर मात्र डाग पडेल. लॅकर असेल तर दुकानात सावकाश सुकणारं थिनर मागा, त्याचा पातळ हात द्या.

स्पिरिट नव्या बाटलीतलं घ्या, उघडी राहिलेली बाटली हवेतलं पाणी ओढते. चपडी विरघळवून वर्षभर ठेवलेली असेल तर फेकून द्या, ती कधी कडक होत नाही. आणि लवकर सुकावं म्हणून शेजारी शेगडी किंवा समई ठेवू नका. स्पिरिटची वाफ पेट घेते. देव्हारा आहे म्हणून देव सांभाळेल असं नाही.

प्रश्न : जूनच्या वादळात अंगणातला फणस आडवा झाला. बुंधा दोन हातांत मावत नाही. लाकूड ठेवावं की जळणाला द्यावं? (केपें)

उत्तर : जळणाला दिलंत तर मला कळवू नका. फणसाचं गाभ्याचं लाकूड वाळवीला सहसा दाद देत नाही. मृदंगाचं खोड आणि वीणा त्याचीच करतात. ताजं कापलेलं हळदीसारखं पिवळं असतं आणि उजेडात राहून तांबूस-तपकिरी होत जातं, त्याला रंग लावायची गरजच नाही.

आधी कागदपत्रांचं बघा. उभं झाड पाडायचं तर १९८४ च्या गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. तुमचं वाऱ्याने पडलंय, तरी लाकूड टेंपोत घालून गिरणीत नेण्याआधी वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा. रस्त्यात अडवल्यावर खुलासे देत बसण्यापेक्षा ते बरं.

बुंध्याची दोन्ही कापलेली टोकं आजच ऑइलपेंटने किंवा वितळलेल्या मेणाने बंद करा. पाणी टोकातून झपाट्याने निघतं आणि टोकं फुटतात. शक्य तितक्या लवकर फळ्या पाडून घ्या, दीड इंची ठेवा, वाळून रंधा मारल्यावर सव्वा इंच हाती लागेल. जमिनीपासून हातभर उंच, सावलीत, वारा खेळेल अशा जागी रचा. दर दोन फळ्यांमध्ये दीड-दोन फुटांवर एकाच जाडीच्या पट्ट्या घाला आणि खालपासून वरपर्यंत त्या एका रेषेत येऊ द्या, नाहीतर फळ्या लाटेसारख्या सुकतात. वर जड दगड. एक इंच जाडीला एक वर्ष असा ढोबळ हिशेब आहे, पण आपल्या पावसाळ्यात वाळणं जवळपास थांबतं, म्हणून दोन उन्हाळे धरा. खात्री करायची तर एक छोटा तुकडा राशीतच ठेवून महिन्या-महिन्याला वजन करा. कोरड्या दिवसांत वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

बाहेरचा फिकट भाग मात्र किडा खातो, पिठासारखा भुसा पडायला लागतो. तो कापून टाका, किंवा फळ्या ओल्या असतानाच बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी मारून घ्या.

प्रश्न : सोप्याबाहेरच्या बाकाला काजूच्या टरफलाचं तेल लावावं असं शेजारी सांगतात. होड्यांना लावतात ना? (काणकोण)

उत्तर : होड्यांना लावतात, आणि होडीवर कोणी लुंगी नेसून दुपारी वामकुक्षी करत नाही. हे तेल अंगाला लागलं तर फोड येतात आणि सुकायलाही ते फार वेळ घेतं. बाकाला उकळलेलं जवसाचं तेल लावा. पातळ हात, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. वर्षाला एकदा पाऊस संपल्यावर नवा हात. पण ते पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, आणि बोळा केलेलं फडकं काडी न लावता आपसूक पेटतं. ते उघड्यावर दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न : मी फ्लॅटमध्ये राहते. बाल्कनीत काम सुरू करायचंय. भाऊ म्हणतो, ग्राइंडरला लाकडाचं पातं लावलं की एकाच मशीनमध्ये सगळं होतं. घेऊ का? (वास्को)

उत्तर : नाही. ग्राइंडर लोखंड घासायला आहे. त्याला दातेरी पातं लावलं की ते लाकडात अडकून उलटं अंगावर येतं, आणि त्या वेगाला हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. भावाला माझं नाव सांगा.

एक बारीक दातांची करवत, अठरा मिलिमीटरची पटाशी, छोटा रंधा, गुण्या, दोन क्लॅम्प आणि धार लावायला निसणा. एवढ्यात वर्षभर काम पुरेल आणि खालच्या मजल्यावरच्यांची तक्रारही येणार नाही. सुरुवात एमडीएफने, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाने, करू नका. त्याची धूळ बारीक आणि वाईट असते, आणि आपल्या हवेत त्याच्या कडा पाव फुगतो तशा फुगतात. कुठल्याही लाकडाची भुकटी फुप्फुसांना बाधते, म्हणून घासकाम करताना एन-९५ मास्क लावा, रुमाल नव्हे. समुद्र जवळ आहे, तेव्हा काम झालं की पोलादाला शिवणयंत्राच्या तेलाचा हात द्या. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होतं.

प्रश्न : नव्या घरात माटोळीची, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं टांगतात ती, चौकट यंदा स्वतः करायची आहे. लाकूड कुठलं आणि वजन किती झेपेल? (फोंडा)

उत्तर : दोन इंच बाय एक इंच सागवानी पट्ट्या, उभ्या कडेवर ठेवून. चार फूट बाय तीन फुटांना मध्ये दोन आडव्या पुरे. पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे दोन्हींची निम्मी-निम्मी उंची कापून एकात एक बसवा. कोपऱ्यांना खिळा नको, आधी बारीक भोक पाडून पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू घाला. साधा लोखंडी स्क्रू ओल्या सागवानात गंजून काळे डाग पाडतो.

चौकट फारशी तुटत नाही, सुटतो तो हूक. जुन्या घरात तो वाशाला असतो. स्लॅबच्या घरात अँकर फास्टनर थेट काँक्रीटमध्ये जायला हवा, पीओपीच्या सिलिंगला नाही. चार हूक, चार स्वतंत्र दोऱ्या. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगण (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) असं सगळं लटकवायचं ते घरच्या काट्यावर अंदाजे तोलून घ्या. मग त्याच्या दुप्पट वजनाच्या पाण्याने भरलेल्या बाटल्या चौकटीला बांधून रात्रभर टांगत ठेवा. लिटरची बाटली म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. खाली त्या रात्री कोणी झोपायचं नाही. विसर्जनानंतर चौकट ओल्या फडक्याने पुसून, फळांचा चीक घालवून, सावलीत वाळवा आणि मगच माळ्यावर टाका.

दिवाळीच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना लाकूड कुठलं, फळीची रुंदी-जाडी किती आणि काम कुठल्या महिन्यात केलं, एवढं जरूर लिहा. फोटो नसला तरी चालेल, महिना हवाच.