पहिलं चरित्र लिहिताना
पहिलं चरित्र म्हणून चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपासून सुरुवात करताय, उत्तम! आपल्या सोलापूरचाच माणूस. फक्त जन्मापासून सगळं भरायला जाऊ नका. नवखे तिथंच दमतात. चीनमधली चारच वर्षं घ्या.

आधी वहीत तारखा मांडा: जन्म १९१०, वैद्यकीय पथकासोबत चीनला १९३८, निधन १९४२. वय अवघं ३२. मग कुठं थांबायचं ते आपोआप कळतं.

- त्यांच्या घराचं स्मारक झालंय, ते आधी बघून या.
- 'थोर', 'महान' खोडा. प्रसंग लिहा.
- मनचे संवाद त्यांच्या तोंडी घालू नका. ही चूक सर्रास होते, अन् वाचणाऱ्याला लगेच खटकते.

सोलापूरचे फाशी गेलेले चार हुतात्मे पुढच्या खेपेला. १९३० चा मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल, खटला, चार वेगळी माणसं, एवढं आत्ताच अंगावर घेऊ नका.