परदेशी आरोग्य-प्रश्नावली नागपुरात आणताना

विद्यापीठांच्या आरोग्यसंवर्धनाचे मूल्यमापन करणारी परदेशी प्रश्नावली आपण नागपुरात वापरू इच्छिता, याचा मला मनापासून आनंद आहे. मूळ कर्त्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी. दोन स्वतंत्र अनुवाद, त्यांचा मेळ, मूळ मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीकडून उलट अनुवाद (म्हणजे मराठीतून पुन्हा मूळ भाषेत) आणि तज्ज्ञ समितीकडून तपासणी हा क्रम आपल्याला ठाऊक असेलच; पण खरी कसोटी त्यानंतर लागते.

‘परिसर धूम्रपानमुक्त आहे का?’ या प्रश्नाला आपल्याकडील एखादे महाविद्यालय प्रामाणिकपणे ‘होय’ म्हणेल आणि फाटकाबाहेरच्या टपरीवर विकला जाणारा खर्रा (चघळायचे सुपारी-तंबाखूचे मिश्रण) नोंदीतून निसटेल. शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून तिची अंमलबजावणी विचारणारा प्रश्न मी आवर्जून घालेन. उन्हाळ्यात पारा 45 अंशांजवळ जातो, तेव्हा थंड पिण्याचे पाणी आणि परीक्षेची वेळ हेही येथे आरोग्यधोरणच ठरते.

‘विद्यापीठ’ म्हणजे नेमके काय, हेही आधी ठरवा. कारण 1923 मध्ये स्थापन झालेल्या आपल्या नागपूर विद्यापीठाला अनेक महाविद्यालये संलग्न आहेत, आणि एकाच प्रश्नाला कुलसचिव व संलग्न महाविद्यालयाचे प्राचार्य वेगवेगळ्या अर्थाने उत्तर देतील.

शेवटी तीस-चाळीस जणांकडून प्रश्नावली भरून घ्या आणि प्रत्येकाला ‘या प्रश्नातून तुम्हाला काय समजले?’ असे विचारा. वसतिगृहाचे अधीक्षक आणि कँटीन चालवणारे यांना त्यातून वगळू नका.