राजीनामा देऊन ‘पर ड्युटी’वर जाऊ का?

प्रश्न : मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात सव्वाचार वर्षं स्टाफ नर्स आहे. बाळ नऊ महिन्यांचं, डोंबिवलीला सासूबाईंकडे असतं. रजेवरून आल्यापासून महिन्याला आठ-दहा नाईट लागतात, दूध काढायलाही सोडत नाहीत. एचआर म्हणतं, राजीनामा द्या आणि ‘पर ड्युटी’ या. जेवढ्या ड्युट्या तेवढे पैसे. सही करू का?

उत्तर : नका करू. वेळ बदलून घ्यायला नोकरी सोडावी लागत नाही. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांना, सलग पाच वर्षं लागतात आणि तुमचे नऊच महिने उरलेत. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 24,000 धरले, तर 24,000 × 15 ÷ 26 × 5, म्हणजे सुमारे 69,230 रुपये. राजीनामा दिलात की त्यावर पाणी. शिवाय पर ड्युटीचे पैसे ‘प्रोफेशनल फी’ म्हणून 10 टक्के टीडीएस कापून येऊ लागले, की कागदोपत्री तुम्ही कर्मचारीच उरत नाही. पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, दुसऱ्या बाळंतपणाची रजाही नाही.

मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीखेरीज, रोज दोनदा स्तनपानासाठी वेळ हा तुमचा हक्क आहे आणि त्याचा पगार कापता येत नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात तो होता, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. 50 कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही हवी. पण बाळाला लोकलच्या गर्दीतून रोज आणणार कोण? म्हणून अर्जात दूध काढायला वेळ, आतून कडी लागणारी खोली आणि फ्रीजमध्ये जागा, असं नेमकं मागा. घरून काम करण्याची तरतूदही कायद्यात आहे, पण सलाईन काही घरून लावता येत नाही!

नाईटचं जरा अवघड आहे. संध्याकाळी 7 नंतर आणि सकाळी 6 पूर्वी स्त्रीला कामावर ठेवायला तिची संमती लागते. मात्र रुजू होताना केलेल्या सह्यांमध्ये ती बहुधा देऊन झालेली असते. ते पत्र आधी काढून वाचा. संमती दिली असेल तर नाईटमाफी विनंती म्हणूनच मागावी लागेल. ‘नाईट जमणार नाही’ असं मोघम नको. लिहा : ‘सेवेत खंड न पडता, अमुक तारखेपासून सहा महिने सकाळची ड्युटी मिळावी, शक्य नसल्यास महिन्याला 16 ड्युट्या व त्या प्रमाणात पगार.’ मुदत घालाच. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते. पगार कमी असताना नोकरी सुटली तर पाचही वर्षांचा हिशोब त्या कमी आकड्यावर होतो.

मेट्रनला नुसतं तोंडी सांगू नका. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर एचआरचा शिक्का आणि तारीख घ्या, तोच मजकूर ईमेल करा. उत्तर येईपर्यंत लागलेली ड्युटी चुकवू नका, नाहीतर विषय बाळावरून तुमच्या गैरहजेरीवर जाईल. व्हॉट्सॲपवर येणारी ड्युटी लिस्ट जपून ठेवा.

पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, लेखी तक्रार करा. वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागण्याचा हक्क स्त्रीला उत्पन्न न पाहता आहे. 15100 वर फोन लावा. आणि राजीनामा देऊन बसला असाल, तर तो स्वीकारल्याचं पत्र येण्यापूर्वी, आजच, ईमेलने मागे घ्या.