चार टोकांची रस्सी?

एका वाचकाची शंका: ‘मध्य प्रदेशाच्या राजधानीसाठी भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर आणि जबलपूर यांच्यात रस्सीखेच होती’ हे वाक्य बरोबर का? रस्सीला टोकं तर दोनच.

शंका रास्त आहे. वर्तमानपत्री मराठीत हे खपून जातं, पण मलाही खटकतं. रस्सीखेचीत एकाच्या हाती आलेली वीतभर दोरी दुसऱ्याच्या हातून गेलेली असते. तिसऱ्याला तिथे जागाच नाही. या शब्दाचं चपखल उदाहरण त्याच मुलखात सापडतं. १९४८ मध्ये मध्य भारत राज्य झालं, तेव्हा एकीकडे शिंद्यांचं ग्वाल्हेर, दुसरीकडे होळकरांचं इंदूर. तोड काय निघाली, तर हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला! ही खरी रस्सीखेच, निकाल न लागलेली.

१ नोव्हेंबर १९५६ ची गोष्ट वेगळी. विदर्भाबरोबर नागपूर, म्हणजे जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी, मुंबई राज्यात गेलं आणि नव्या मध्य प्रदेशाला राजधानी हवी होती. राज्य पुनर्रचना आयोगाची पसंती जबलपूरला होती, मान मिळाला भोपाळला. इथे मी ‘चढाओढ’ म्हणेन. तीत कितीही जण मावतात. ‘चुरस’ही चालेल, मात्र एक बारकावा आहे: चढाओढ ही कृती, चुरस हा तिचा रंग. म्हणून ‘चुरशीची चढाओढ’ म्हणतो, ‘चढाओढीची चुरस’ कोणी म्हणत नाही.

‘अहमहमिका’ हा आणखी एक पर्याय. ‘अहम्’ दोनदा, म्हणजे ‘मी आधी, मी आधी’ अशी घाई. हल्ली तो सर्रास अहंकाराच्या अर्थाने वापरतात, ते चूक. चार शहरांत अहमहमिका लागली होती असं म्हणता येईल, फक्त त्यात किंचित चिमटा आहे हे लक्षात ठेवावं.

पुढे उच्च न्यायालय जबलपूरला, लोकसेवा आयोग इंदूरला आणि महसूल मंडळ ग्वाल्हेरला गेलं. याला शब्द कोणता? पूर्वी लेकीला साडीचोळी देऊन तिची ‘बोळवण’ करत, त्यात माया होती. आता आश्वासनांवर बोळवण होते. जबलपूरकर बहुधा हाच शब्द वापरेल. भोपाळकर मात्र ‘वाटणी’ म्हणेल.