संवाद नसलेलं नाटक आधी कोणी लिहायचं?

प्रश्न : आमचा कॉलेजचा ग्रुप आहे, यंदा फिरोदिया करंडकाला (पुण्यातली कॉलेजांची स्पर्धा) बाहुल्या, शॅडो आणि म्युझिक यांच्यावरच चालणारं, संवाद जवळपास नसलेलं काहीतरी करायचंय. पण गाडी पुढेच सरकत नाहीये. लिहिणारा म्हणतो आधी बाहुल्या दाखवा, बाहुल्या बनवणारी म्हणते आधी स्क्रिप्ट दे, म्युझिकवाला म्हणतो सीन बसला की बोलवा. सुरुवात कोणी करायची? आणि सगळं सगळ्यांनी मिळून करायचं तर शेवटचा शब्द कोणाचा?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : सुरुवात तिघांनी एकत्रच करायची, एकाच खोलीत. एकाने काम संपवून दुसऱ्याकडे सोपवायचं ही पद्धत संवादांच्या नाटकात कशीबशी चालून जाते, इथे अजिबात चालत नाही, कारण बाहुली हातात आल्याशिवाय ती काय करू शकते हे लिहिणाऱ्याला कळणारच नाही.

लंडनच्या नॅशनल थिएटरचं २००७ चं ‘वॉर हॉर्स’ घ्या. मूळ कादंबरीत घोडाच आपली गोष्ट सांगतो, पण स्टेजवरचा घोडा बोलत नाही. मग त्याच्या मनातलं सांगायचं कसं? ते काम केपटाऊनच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीच्या बाहुल्यांवर आलं. खऱ्या घोड्याएवढा, वेताच्या सांगाड्याचा घोडा, चालवायला तीन माणसं : एक डोक्यापाशी, दोन पोटात, आणि तिघंही प्रेक्षकांना दिसतात. कान डोक्यापाशी असलेल्याच्या हातात, पुढचे पाय आणि श्वास मधल्याकडे, मागचे पाय आणि शेपूट तिसऱ्याकडे. खिंकाळीसुद्धा तिघं मिळून काढतात, कारण एवढ्या मोठ्या छातीचा आवाज एका माणसाच्या गळ्यातून येत नाही. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते श्वासाचं. घोडा नुसता उभा असला तरी त्याचा श्वास चालूच असतो, म्हणून तो जिवंत वाटतो, आणि हे असं कागदावर बसून लिहिता येत नाही, तालमीतच सापडतं.

तुम्ही पुढच्या तालमीला एवढंच करा. जाड ब्राऊन पेपर चुरगाळून, दोऱ्याने बांधून हातभर उंचीचा माणूस बनवा. एकाने डोकं आणि एक हात धरायचा, दुसऱ्याने कंबर आणि दुसरा हात, तिसऱ्याने पाय. बोलायचं नाही. तिघांनीही कागदाकडेच बघायचं, एकमेकांकडे नाही. आधी फक्त श्वास, मग त्याने मान वळवून दाराकडे बघायचं, बस. पहिल्यांदा गोंधळ होईल, पाय आधी निघतील, डोकं मागे राहील, पण थोड्या वेळाने डोकंवाल्याने श्वास घेतला की बाकी दोघांना न सांगता कळायला लागतं. लिहिणाऱ्याने तेव्हा वही घेऊन समोर बसायचं आणि जे दिसलं तेच लिहायचं, तुमची स्क्रिप्ट यातूनच होणार आहे. म्युझिकवाल्यालाही तिथेच बसवा, कारण ताल त्याला त्या श्वासावरून धरायचाय, नंतर वरून लावलेलं म्युझिक बाहुलीला ओढत नेतं आणि ते बघणाऱ्याला लगेच जाणवतं.

आता शेवटचा शब्द. मिळून करायचं म्हणजे प्रत्येकाची आयडिया ठेवायची असं नाही हो, त्याने नाटकाचं गाठोडं होतं. ‘वॉर हॉर्स’ला दोन दिग्दर्शक होते, मारियान एलियट आणि टॉम मॉरिस, शिवाय घोड्यांच्या हालचालींसाठी टोबी सेजविक वेगळे. म्हणजे बघणारे डोळे बाहेर होतेच. बाहुली धरणाऱ्याला ती समोरून कशी दिसते हे कधीच कळत नाही, म्हणून तुमच्यातल्या एकाने कशालाही हात न लावता रोज प्रेक्षकांच्या जागी बसायला हवं, आणि काय ठेवायचं काय कापायचं हे त्याने सांगितलं की ते ऐकायचं. वाद घाला, पण ‘मला असं सुचलं होतं’ यावर नको, ‘समोरून काय दिसलं’ यावर घाला. मोबाइलवर शूट करून लगेच बघितलंत तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

आणि लाइट करणाऱ्याचं तुमच्या पत्रात नावच नाहीये! शॅडो करणार आहात ना, मग त्याला ग्रँड रिहर्सलला बोलवून भागणार नाही. दिवा हातभर मागे-पुढे झाला तरी सावलीचा साइज बदलतो, तेव्हा त्यालाही पहिल्याच तालमीला बोलवा.